बर्फाचा हिशेब

मासेमारीच्या सफरीवर निघणाऱ्या नावेत काय काय चढते, हे एकदा किनाऱ्यावर उभे राहून पाहण्यासारखे आहे. जाळी चढतात, डिझेलची पिंपे चढतात; गोडे पाणी, तांदूळ, मसाला, कांदे-बटाटे, गॅसची टाकी, बिनतारी संच, जीवरक्षक जाकिटे, खलाशांची ओळखपत्रे असे सारे चढते; आणि अगदी शेवटी, जेटीवर येऊन थांबलेल्या टेम्पोतून, यंत्रात भरडलेला बर्फ. बाकीचे सामान जाण्यासाठी असते. बर्फ तेवढा परत येण्यासाठी असतो. तो खणात भरला जात असताना नाव अजून धक्क्यालाच बांधलेली असते, पण आपण किती मासळी घरी आणणार याचा निर्णय तांडेलाने तोवर घेऊन टाकलेला असतो. आमच्या उष्ण हवेत एक किलो मासळी ताजी ठेवायची तर साधारण एक किलो बर्फ हवा, असे या विषयातील जाणकार सांगतात. आणि नाखव्यांना ते पुस्तक न वाचताही ठाऊक असते.

ज्या प्रश्नाचा आम्ही येथे विचार करू इच्छितो, तो या बर्फाशीच निगडित आहे. समजा, तीन टन बर्फ घेऊन नाव निघाली. पहिल्या दोन दिवसांतच ढोमे, वाकट्या, मांदेली यांनी खण भरत आला. तिसऱ्या दिवशी जाळ्यात पापलेट आले. आता बर्फ तेवढाच, खण तेवढाच. अशा वेळी स्वस्त मासळी पुन्हा पाण्यात लोटून तिच्या जागी महाग मासळी ठेवण्याचा मोह होतो, आणि जगभरच्या समुद्रांवर हे सर्रास घडते. लोटलेली मासळी अर्थातच मेलेली असते. तिला समुद्रातून काढण्यात डिझेल जळले, माणसे रात्रभर जागली, हात कापले गेले. आणि ती ना समुद्राची राहिली, ना कोणाच्या ताटाची झाली. जे आपण घरी नेऊ शकत नाही ते समुद्रातून काढण्याचा अधिकार आपणांस आहे काय?

प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. जुन्या रोमन कायद्यात समुद्रातील मासा हा कोणाचाच नसे. जो पकडील त्याचा तो होई. कष्टाने मालकी येते हे तत्त्व ख्रिस्तसभेलाही अमान्य नाही. परंतु सृष्टीतील संपत्ती मुळात सर्व मानवजातीसाठी निर्माण झाली आहे, आणि खाजगी मालकी त्या मूळ हेतूच्या चौकटीत राहूनच भोगावयाची असते, हेही तीच ख्रिस्तसभा शिकवते. संत थॉमस अक्वायनस यांनी वस्तू मिळविण्याचा व तिची व्यवस्था पाहण्याचा हक्क व्यक्तीला दिला, पण तिचा उपभोग घेताना माणसाने ती सर्वांची समजावी व गरजवंताला सहज द्यावी, असे म्हटले. आता ज्या मासळीला आपण कष्टाने 'माझी' केले आणि घटकाभराने पुन्हा कोणाचीच नाही अशी करून टाकले, तिच्या बाबतीत या दोन्ही तत्त्वांपैकी कोणते पाळले गेले? मालकी घेतली, व्यवस्था नाकारली.

यावर कोळीवाड्यातून येणारे उत्तर आम्हांस परिचित आहे, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. जाळे निवड करीत नाही, असे ते उत्तर. वसई-उत्तनच्या डोल जाळ्याचेच पाहा. शंकूच्या आकाराचे ते जाळे प्रवाहाकडे तोंड करून रोवायचे, भरती-ओहोटीच्या ओढीने जे आत येईल ते येऊ द्यायचे, आणि पाणी थबकले की उपसायचे. त्यात बोंबील येतो तसा जवळा येतो, करंदी येते, आणि बोटाएवढी पिल्लेही येतात. मासेमाराने पिल्लांना मारण्याचा हेतू कोठे धरला होता? नीतिशास्त्राच्या वर्गात आम्ही 'दुहेरी परिणामाचे तत्त्व' शिकलो: कृती स्वतः चांगली असावी, वाईट परिणामाची इच्छा नसावी, तो चांगल्या परिणामाचे साधन बनू नये, आणि तो पत्करण्याइतके भारी कारण असावे. या चार कसोट्यांवर घासून पाहिले तर समुद्रावरचा तो तांडेल बराचसा निर्दोष ठरतो. जाळे वर आल्यावर, लाटांवर डोलणाऱ्या फळ्यांवर उभे राहून, त्याने आणखी काय करावयाचे होते?

पण ती वेळ चुकीची आहे. समुद्रावर जाळे निवड करीत नाही हे खरे. म्हणूनच किनाऱ्यावर जाळ्याची निवड कोण करतो, हे विचारले पाहिजे. शेपटाकडील पिशवीचा आस बारीक ठेवावा की मोठा, हे जून-जुलैत अंगणात बसून ठरते. किती दिवसांची सफर, किती बर्फ, किती खलाशी, कोणत्या मासळीच्या मागे जायचे, आणि बर्फ संपला की भरल्या खणासह परत फिरायचे की आणखी एक डोल ओढायचा, हेही आधीच ठरविता येते. भर समुद्रात जे अपरिहार्य वाटते, त्यातील पुष्कळसे किनाऱ्यावर ऐच्छिक होते. अक्वायनस सुज्ञतेचे घटक सांगताना त्यांत दूरदृष्टीला मानाचे स्थान देतात; तिला ते 'प्रोविदेन्तिया' म्हणतात. परमेश्वर सृष्टीचा जो सांभाळ करतो, त्यालाही लॅटिनमध्ये हाच शब्द आहे. सफरीची तयारी करणारा नाखवा डिझेलचा हिशेब मांडत असतो तेव्हा तो अगदी छोट्या प्रमाणात तेच काम करीत असतो, असे म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

शुभवर्तमानांत मासेमारी पुष्कळ आहे, मात्र ती गोड्या पाण्याची. गालीलचे सरोवर म्हणजे काही अरबी समुद्र नव्हे. तेथील मासळी घरी नेणे फार तर थोड्या तासांचे काम. तरीदेखील आणलेल्या मासळीचे पुढे काय झाले, याकडे सुवार्तिकांचे बारीक लक्ष आहे. संत लूकच्या कथेत जाळी फाटू लागतात आणि दोन्ही होड्या बुडायला येतात. संत योहानच्या शेवटच्या अध्यायात मात्र मासे १५३ आहेत आणि जाळे फाटलेले नाही. या आकड्याचे गूढ अर्थ विद्वानांनी शतकानुशतके शोधले. आम्हांस त्यातील साधी गोष्ट अधिक भावते, की कोणीतरी ते मासे मोजले. शिवाय प्रभूने किनाऱ्यावर निखारे पेटवून त्यांवर मासळी आधीच ठेवली होती, आणि तरीही शिष्यांना त्यांनी पकडलेल्यांतून काही आणावयास सांगितले. पकडलेले मासे थेट न्याहारीपर्यंत पोहोचतात.

कोणी म्हणेल, प्रभूच्या जाळ्याच्या दृष्टान्तात निरुपयोगी मासे फेकून देतातच की! होय. परंतु मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे ज्यांना पर व खवले नाहीत असे जलचर खाणे निषिद्ध होते. ती निवड बाजारभावाची नव्हती. आणि संत मत्तय एक बारकावा नोंदवितात: जाळे किनाऱ्यास ओढल्यावर ते लोक खाली बसले व मग त्यांनी निवड केली. बसून, सावकाश.

आमच्या किनाऱ्यावरही ही बैठी निवड होती, व काही अंशी आजही आहे. ती स्त्रिया करीत आल्या आहेत. बर्फ येण्यापूर्वी मासळी घरी आणण्याचा मार्ग म्हणजे मीठ आणि ऊन. गालीलच्या काठचे मग्दला, संत मरिया मग्दालियाचे गाव, हे खारवलेल्या मासळीसाठी प्रसिद्ध असलेले तारिखेया हेच असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. उत्तन, वसई, अर्नाळा येथे बांबूंच्या मांडवांवर जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले बोंबील पाहिले, की त्या गावाची कल्पना करता येते. जवळा वाळूवर पसरायचा, ढोमे खारवायचे, पाऊस शिंतडला तर धावत जाऊन झाकायचे. जेवढे घरच्या बायका निवडू, खारवू, वाळवू शकतील, तेवढीच मासळी उपयोगाची. म्हणजे सफरीचे माप समुद्रात नव्हते, अंगणात होते. बर्फाने हे माप मोडले. बर्फाने मासळी टिकविली, दूरच्या बाजारपेठा जवळ आणल्या, घरे पक्की झाली, मुले शिकली. पण त्याच बर्फाने सफर लांबविली आणि निवडीचे काम अंगणातून उचलून भर समुद्रात, जेथे कोणी पाहत नाही तेथे नेले. या नफ्या-तोट्याचा एकत्रित हिशेब फारसा कोणी मांडलेला आमच्या वाचनात नाही.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात, पकडलेल्यातील बराच भाग टाकून देणाऱ्या मासेमारीचा स्पष्ट उल्लेख केला आहे. महाराष्ट्रात १९८१चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे. यांत्रिक नौकांसाठी १ जून ते ३१ जुलै बंदीचा काळ आहे. २०२३ साली शासनाने पापलेटला राज्यमासा घोषित केले आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्यायोग्य किमान लांबी ठरवून दिली. पापलेटची ती लांबी १३५ मिलिमीटर आहे. वीतभरही नव्हे! तरी त्याहून लहान पापलेट टोपलीत दिसते, आणि विकले जाते.

विकले जाते याचा अर्थ कोणीतरी विकत घेते. येथे आम्ही नावेवरून उतरून स्वयंपाकघरात येतो, कारण केवळ कोळीवाड्याला उपदेश करणे सोयीचे असले तरी न्याय्य नव्हे. उपवासकाळातील शुक्रवारी मांस वर्ज्य करून त्या दिवशी सणाच्या भावाचे पापलेट आणणारी घरे आमच्या परिचयाची आहेत. त्यागाची ही रीत आमच्या धर्मशिक्षणात नेमकी कोणत्या वर्षी शिरली, कोण जाणे! 'लहान आहेत, स्वस्त आहेत, तळायला बरी' म्हणून पिल्लांचा वाटा उचलणारा ग्राहक आणि बारीक आसाचे जाळे सोडणारा नाखवा एकाच सफरीचे भागीदार आहेत. ढोमा, वाकटी, मांदेली घरात चालत नाहीत म्हणणारेही त्यात आले. त्यांची नावड समुद्रावर ऐकू जाते, आणि खण रिकामा केला जातो.

नाखव्याची बाजूही मांडली पाहिजे. डिझेल उधारीचे, बर्फ उधारीचा, खलाशांना उचल आधीच दिलेली, आणि मासळीचा भाव ठरविणारा दुसराच. रिकाम्या खणाने परतणे म्हणजे पुढच्या सफरीचे दार बंद होणे. एकट्याने जाळ्याचा आस मोठा केला, तर त्याच्या जाळ्यातून निसटलेले पिल्लू शेजारच्या जाळ्यात जाते. संयमाचा सगळा खर्च एका घराने सोसावा आणि लाभ गावाने घ्यावा, असे त्याला कोणत्या तोंडाने सांगावे? खलाशाची गोष्ट याहून कठीण. तो वाट्यावर किंवा पगारावर. फेकायचे की ठेवायचे हे त्याच्या हाती नाही, फेकण्याचे काम मात्र त्याच्याच हातांनी होते. घरी जाताना त्याला कालवणापुरती मासळी मिळते, ती कोणत्या टोपलीतून मिळते, यावरून नाखव्याची पारख करण्याची कोळीवाड्यातील जुनी पद्धत आम्हांस फार मोलाची वाटते.

म्हणून एकट्या मासेमाराला पापी ठरविण्यात आम्हांस स्वारस्य नाही. कोळीवाड्यांत अनेक गोष्टी जमातीच्या बैठकीत ठरतात. होड्या कोणत्या दिवशी लोटायच्या, दर्यात कोणाची डोल कोठे रोवायची, सणाला मासेमारी केव्हा थांबवायची, यांवर तेथे भांडणे होतात, आवाज चढतात, आणि शेवटी काहीतरी ठरते. ठरले म्हणजे सहसा पाळले जाते. १९१८ साली वसईच्या आमच्या वाडवडिलांनी स्वतःची सहकारी पतसंस्था उभी केली. तिची आज मोठी बँक झाली आहे. गावाने मिळून जोखीम उचलणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. ऑगस्टच्या आरंभी होड्यांवर आशीर्वाद मागण्यासाठी आम्हां धर्मगुरूंना बोलावणे येते, तोवर जाळी विणून, शिवून झालेली असतात आणि बर्फाची मागणीही नोंदविलेली असते. बोलावणे जूनमध्ये आले, अंगणात जाळी पसरलेली असताना, तर पिशवीचा आस किती ठेवायचा हा विषय त्या बैठकीत काढता येईल. पहिल्या वर्षी तूट कोणाला किती येईल, ती कोणी व कशी भरून द्यायची, धर्मग्रामाच्या निधीतून त्यात किती घालता येईल, हे आकडे त्याच वेळी मांडावे लागतील. आणि बैठकीला बायकांनाही बोलवावे लागेल, कारण कोणती मासळी किती वाळते आणि किती विकते, हे त्यांनाच ठाऊक आहे.