दहा हजार थ्रेड कशाला?

बस खाली. मलकापूरची एसटी चुकेल ही सबब आज चालणार नाही.

शाहूवाडी तालुक्यातल्या दूध संस्थांच्या नोंदी ठेवणारा प्रोग्राम मागितला होता. तू दिलंस काय? प्रत्येक नोंदीला एक थ्रेड. दहा हजार नोंदी, दहा हजार थ्रेड! प्रोग्राम आडवा झाला की वर तोंड करून सांगतोस, 'सर, लॅबचा कॉम्प्युटरच भिकार आहे.' अरे, त्या भिकार कॉम्प्युटरनं कारण लिहून दिलं होतं: नवा नेटिव्ह थ्रेड तयार करता येत नाही. तू त्यातलं 'आउट ऑफ मेमरी' तेवढं वाचलंस आणि जावाचा हीप वाढवून मोकळा झालास. थ्रेडचा स्टॅक हीपमधून मिळतो असं कुणी शिकवलं तुला? तो बाहेरून लागतो. हीप फुगवलास, म्हणजे स्टॅकच्या वाट्याची जागा आणखी खाल्लीस.

६४ बिट लिनक्सवर जावा एका थ्रेडला साधारण १ एमबी स्टॅक राखून ठेवते. राखीव जागा सगळी लगेच वापरली जात नाही, हे मला ठाऊक आहे, मध्ये बोलू नकोस. जुन्या ३२ बिट विंडोजवर प्रोग्रामच्या हाती मेमरीचे २ जीबी पत्ते असत. थ्रेडमागे १ एमबी धरला, तर दोन हजार थ्रेडांच्या आसपास खेळ खलास. ६४ बिटमध्ये ती टंचाई सरली, पण कर्नलचा पहारा उठलेला नाही. सगळ्या मशीनला मिळून थ्रेड्स-मॅक्सची मर्यादा आहे, वापरकर्त्यामागे युलिमिटची आहे. लिनक्स प्रत्येक थ्रेडला क्रमांक देतं तोही पीआयडी-मॅक्सच्या हद्दीतच. कित्येक मशीनवर ती हद्द ३२७६८ असते. तुझ्यासारख्या एकाच्या उधळपट्टीनं सगळं मशीन बसू नये म्हणून हे सगळं.

'मर्यादा वाढवू का?' म्हणे. वाढव की! कोर चारच आहेत. एका वेळी चार थ्रेड चालणार, बाकीच्यांची अदलाबदल करत कर्नल घाम गाळणार. सकाळी दोनशे सभासद किटल्या घेऊन आले म्हणून संस्थेचा सचिव दोनशे काटे मांडतो का?

एका सर्व्हरनं दहा हजार जोडण्या कशा सांभाळायच्या, यावर डॅन केगेलनं १९९९ सालीच लिहून ठेवलंय. तू तेव्हा जन्मलाही नव्हतास. आणि जावा २१ मधल्या व्हर्च्युअल थ्रेडांचा दाखला मला देऊ नकोस. ते लाखांनी चालतात, कारण मोजक्या खऱ्या थ्रेडांवर जावा त्यांना आळीपाळीनं बसवते. तू उभे केलेस ते सगळे खरे होते.

उद्या मोजक्या थ्रेडांचा पूल आणि त्यापुढे नोंदींची रांग लावून प्रोग्राम आण. युलिमिटचा आकडा वहीत लिहून आण. पूलमध्ये किती थ्रेड ठेवलेस आणि का, हे फळ्यावर सांगता आलं नाही, तर तासभर बाहेर उभा राहशील.