लेकरू काय काय उचलते



हरिपाठाला उभ्या राहणाऱ्या लेकराला पावली कोणी समजावून सांगत नाही. ते रांगेच्या टोकाला उभे राहते, शेजारच्या टाळकऱ्याच्या पायांकडे बघते, दोन दिवस चुकते आणि तिसऱ्या दिवशी त्याचे पाय बरोबर पडू लागतात. माया आणि आपलेपणा यांचेही असेच आहे. भजन संपल्यावर आपण एकमेकांच्या पाया पडतो तेव्हा कडेवरून उतरलेले पोरही वाकते, आणि सत्तरीचा म्हातारा त्याच्यापुढे वाकतो.

यावर कोणी शंका घेतात की त्या पोराला नमस्काराचा अर्थ ठाऊक नाही, मग ही नुसती नक्कल; भाव कुठे आहे? मला ही शंका फार मोठी वाटत नाही. 'आई' हा शब्दही लेकरू आधी ऐकूनच म्हणते, त्याला कोणी ढोंग म्हणत नाही. आधी अंग वाकते, मन मागून येते. भाव नसताना तो असल्याचे दाखवणे हे थोरांचे काम.

खरी अडचण वेगळीच आहे. लेकरू नमस्कार उचलते, तसे तो कोणाला करायचा नाही हेही उचलते. विणेकऱ्याला 'माउली' म्हणणारी आजी कचरा न्यायला आलेल्या बाईला वेगळ्या कपात चहा देते, तो कप नातवंड बघत असते. सगळ्यांच्या ठायी देव आहे असे आपण तोंडाने सांगतो, कप दुसरेच सांगतो, आणि लेकराला कपाचे पटते.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंत सांगतात की श्रेष्ठ माणूस जसा वागतो तसे लोक वागतात. अमेरिकेत १९६१ साली अल्बर्ट बांडुरा यांनी ७२ बालकांवर केलेल्या प्रयोगात तेच दिसले. मोठ्या माणसाला फुगवलेली बाहुली बडवताना ज्यांनी पाहिले, त्यांतल्या पुष्कळांनी पुढे तसेच बडवले, शब्दही तेच वापरले. लेकराच्या जगात श्रेष्ठ म्हणजे घरात सकाळी दूध तापवणारे माणूस.

विनोबांच्या आईचे उदाहरण मला फार आवडते. शेजारची बाई गावाला गेली की रुक्मिणीबाई त्या घरचा स्वयंपाक करून देत. आधी आपल्या घरचा, मग तिकडचा. लहान विन्या म्हणाला, तू स्वार्थी आहेस, आधी आपलेच करतेस. आईने सांगितले की आधी तिकडे केले तर त्यांचे अन्न गार होईल, त्यांना गरम मिळावे म्हणून मागून जाते. आजच्या किती घरांत हा प्रश्न 'मोठ्यांना असे बोलू नये' म्हणून दाबला गेला असता! बघून कृती येते, पण तिच्यातली नजर अशी विचारल्यावरच कळते. १९५१ पासून तेरा वर्षे हाच विन्या भूमिहीनांसाठी जमीन मागत देशभर पायी फिरला.

आमच्या पापडीत ख्रिस्ती शेजार मोठा. नाताळात तिकडून फराळ येतो, गणपतीत इकडून मोदक जातात. ते ताट लेकराच्या हाती पाठवा. परत येताना ताट रिकामे येत नाही, हे त्याला दिसू द्या. आणि ते निघाले की मागून 'देऊन लगेच ये, आत बसू नकोस' असे ओरडू नका.