कापलेल्या शेताची राखण

आमच्या हुबळी-धारवाडकडे ज्वारीत दाणा भरला की शेतात मचाण उभं राहतं. गोफण घेऊन पोरं दिवसभर पाखरं हाकलतात. कणसं खळ्यावर गेली की मचाण मोडून टाकतात, कारण कापलेल्या शेताची राखण कुणी करत नाही. मग ‘जेतेपद राखणं’ म्हणजे आपण नेमकं काय राखतो?

मनीष पांडेच्या हुबळी टायगर्सने २९ ऑगस्ट २०२३ला मैसूर वॉरियर्सला ८ धावांनी हरवून महाराजा ट्रॉफी ही कर्नाटकातली टी-२० क्रिकेट स्पर्धा जिंकली. पुढच्या हंगामात ते गतविजेते म्हणून उतरले. सामने सगळे बेंगळुरूला. गावाने आपला संघ पडद्यावरच पाहायचा.

२३ ऑगस्ट २०२४. हुबळीतल्या दुर्गदबैलजवळच्या टपरीवर भाच्याच्या मोबाइलभोवती आम्ही चारजण. हुबळी १६४, बेंगळुरू ब्लास्टर्सही १६४. सुपर ओव्हर झाली, १०-१०. दुसरी झाली, ८-८. तिसरीत बेंगळुरूने १२ केल्या आणि मनवंत कुमारने शेवटच्या चेंडूवर चौकार मारून हुबळीला सामना जिंकून दिला. हातातल्या चहावर साय धरली होती.

मधेच भाच्याने विचारलं, “मामा, आत्ता ज्याने वाचवलं तोच पुन्हा का टाकत नाही?” नियमच तसा आहे. सुपर ओव्हर बरोबरीत सुटली तर ती टाकणाऱ्याला लगेच पुढची टाकता येत नाही, बाद झालेल्याला पुन्हा बॅट धरता येत नाही. ज्याने आत्ता लाज राखली, त्यानेच चेंडू दुसऱ्याच्या हाती द्यायचा. मला हा नियम फार मोलाचा वाटतो.

त्या वर्षी उपांत्य फेरीत त्याच मैसूरकडून टायगर्स हरले आणि करंडक मैसूरला गेला. मला त्या हरण्यात उणेपणा दिसला नाही. नव्याने पेरलं होतं. पीक दुसऱ्याच्या शेतात जास्त आलं.

उणेपणा दिसला तो माझ्यात. आमच्या एका जुन्या मराठी मंडळाच्या समितीवर मी पंधरा वर्षं आहे. भिंतीवर संस्थापकांच्या तसबिरी आहेत, त्यांना दर दसऱ्याला हार घालतो आणि वर्षाचं काम झालं असं मानतो. गेल्या वर्षी एका तरुण शिक्षिकेने मुलांसाठी शनिवारचा वाचनवर्ग सुचवला. “आपल्या परंपरेत बसत नाही,” असं मीच म्हणालो होतो.

येत्या रविवारी सभा आहे. माझ्या जागी तिचं नाव मी सुचवणार आहे. मंडळाच्या कपाटाच्या किल्ल्या आजच वेगळ्या काढून ठेवल्या.