काठावरचे माणूस

दिवाळीच्या अंकात मे महिन्याच्या सुट्टीविषयी लिहावे, हे जरा अवेळी वाटेल. पण मेची सुट्टी ठरते ती दिवाळीतच. फराळाची ताटे पुढे येतात, चार भावंडे बऱ्याच दिवसांनी एकत्र बसतात, आणि कुणीतरी म्हणते, "या उन्हाळ्यात सगळ्यांनी मनोरला जमायचे!" मग बेत शिजू लागतो. आंबे कुठून आणायचे, समुद्रावर किती दिवस जायचे, निजायला अंथरुणे पुरतील का, सारे ठरते. एकच गोष्ट कुणी ठरवीत नाही. मुले पाण्यात असतील तेव्हा काठावर कोण बसायचे?

प्रश्न क्षुल्लक दिसतो. ही साधी व्यवस्थेची बाब, तिच्यात विचार करण्यासारखे काय आहे, असे कुणालाही वाटेल. मला मात्र अलीकडे तो नीतीचा प्रश्न वाटू लागला आहे. सर्वांनी मिळून करायच्या आनंदातून एकाने स्वतःला थोडे बाजूला काढायचे असते. ते कुणी काढायचे, आणि कुणाच्या हुकमावरून?

आमच्या गावाजवळून वैतरणा जाते. पश्चिमेला पालघर ओलांडले की शिरगाव-केळव्याचा समुद्र आहे. शिवाय सूर्या प्रकल्पाचे कालवे आहेत. उन्हाळ्यात रान होरपळून निघालेले असते आणि कालव्याला मात्र पाणी सुटलेले असते. पाहुण्या मुलांना कालवा फार सभ्य वाटतो. नदीसारखा त्याला डोह नाही, समुद्रासारखी लाट नाही. सरळ रेषेत जाणारे शांत पाणी! पण त्याचे काठ उतरते असतात आणि त्यांवर शेवाळ धरलेले असते. आत घसरायला क्षण पुरतो. वर येताना हाताला धरायला काही सापडत नाही, आणि पाणी तर आपल्या वाटेने चाललेलेच असते.

यावर आमच्याकडे दोन उपाय चालतात. पहिला बंदीचा. "पाण्याकडे फिरकलास तर तंगडी मोडीन," एवढे म्हटले की वडिलांचे कर्तव्य संपते. शाळेत इतकी वर्षे मुले पाहिल्यावर या उपायावर माझा भरवसा उरलेला नाही. आमरसाचे जेवण होऊन वडील मंडळी आडवी झाली की मुले परसदाराने निघतात, आणि चोरून निघालेली असल्यामुळे कुणाला सांगून जात नाहीत. अंगावरचे कपडे ओले होऊ नयेत म्हणून ते काढून झुडपाआड दडवतात, म्हणजे मागाहून शोधायला येणाऱ्याला खूणही सापडू नये! बंदीने पाणी आटत नाही. काठ तेवढा ओस पडतो.

दुसरा उपाय दैवाचा. 'देव तारी त्याला कोण मारी' ही म्हण आपण फार सैल हाताने वापरतो. एखादे मूल वाचले की ती म्हण उच्चारावी, त्यात कृतज्ञता आहे. मूल पाण्याकडे निघालेले असताना उच्चारली तर ती आळसाची सोय होते. आपल्या बायांना हे पुरते ठाऊक असावे. श्रावणात घरोघर जिवतीचा कागद भिंतीवर लागतो. त्यावर जरा-जिवंतिका असतात, बुध-बृहस्पती असतात, प्रल्हादाला तारणारा नरसिंह असतो. आणि यमुनेच्या डोहात कालियाच्या फण्यावर उभा राहिलेला कृष्णही असतो. मुलांना आयुष्य मागण्याच्या पूजेत पाण्यात उतरलेले पोर असावे, हे मला फार सूचक वाटते. हा कागद ज्यांनी प्रथम योजला त्यांना मुले कुठे जातात हे माहीत होते. आणि लोककथेत त्या वेळी यमुनेचा काठ रिकामा नाही. सगळे गोकुळ तिथे धावून आलेले आहे.

पण गोकुळ जमूनही भागत नाही, ही यातली अवघड गोष्ट. बुडणारा माणूस हातपाय झाडतो, ओरडतो, असे चित्रपटांनी आपल्या मनात भरवून दिले आहे. न्यूयॉर्कच्या किनाऱ्यावर जीवरक्षक असलेल्या फ्रँक पिया यांनी खरोखर बुडत असलेल्या माणसांचे बारकाईने निरीक्षण केले, तेव्हा त्यांना उलटेच दिसले. बुडणाऱ्याचे तोंड पाण्याच्या वर येते ते श्वासापुरते; ओरडायला सवड नसते. हात वर करता येत नाहीत. ते पाणी खाली दाबण्यात गुंतलेले असतात. असे २० ते ६० सेकंद चालते आणि मग सारे शांत होते. म्हणजे काठावर गप्पा मारीत बसलेल्या दहा माणसांच्या देखत, कुणालाही न कळता मूल जाऊ शकते. दहांपैकी प्रत्येकाला वाटत असते, उरलेले नऊ बघत आहेत.

आपल्याकडचे दाखले दूर शोधायला नकोत. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. १३ जानेवारी २०१८ रोजी आमच्याच जिल्ह्यात, डहाणूच्या समुद्रात, सुमारे ४० विद्यार्थी घेऊन निघालेली होडी उलटली आणि तीन मुली गेल्या. जवळचे मच्छीमार धावले म्हणून पुष्कळजण वाचले. या दोन्ही ठिकाणी एकाकीपण नव्हते. चांगली गर्दी होती, हसणेखिदळणे होते. दोष कुणाचा, हे सांगायचा मला अधिकार नाही. मी एवढेच पाहतो, की गर्दी आणि पहारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सणाच्या दिवशी आपण पहिलीलाच दुसरी समजतो.

केळव्याची गोष्ट याहून मनाला चटका लावते. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथे चौघे तरुण बुडाले. त्यांतले काहीजण दुसऱ्यांना वाचवायला पाण्यात उतरले होते. या मुलांपुढे मान लवते. पण त्यांना कुणी हे शिकवले नव्हते, की पोहता येणे वेगळे आणि बुडत्याला ओढून आणणे वेगळे. जीव घाबरा झालेला माणूस आधाराला आलेल्याच्याच खांद्यावर चढतो. म्हणून जाणते लोक आधी बांबू पुढे करतात, दोर फेकतात. काही नसले तर नेसूच्या लुगड्याचा पदर फेकतात, बूच लावलेला रिकामा डबा फेकतात. यात शौर्य दिसत नाही. वर्तमानपत्रात उडी मारणाऱ्याचे चित्र येते, दोर फेकणाऱ्याचे येत नाही. आपल्या कौतुकाच्या या रीतीने किती चांगली मुले पाण्यात ढकलली असतील, कोण जाणे.

(जाता जाता: समुद्रावर येणारे पाहुणे केळव्याला उतरताच मासळीचे ताट कुठे बरे मिळते ते विचारतात. भरती-ओहोटी किती वाजता, हे कोळणीला विचारणारा पाहुणा मी अजून पाहिलेला नाही. ओढ लागली तर काठाच्या दिशेने झगडायचे नसते, काठाला समांतर आडवे सरकत ओढीतून बाहेर पडायचे असते, हेही दोन वाक्यांत सांगण्यासारखे आहे.)

आता मूळ प्रश्न. काठावर कोण?

सहावीच्या वर्गात मी एकदा विचारले, "नदीवर गेल्यावर कपड्यांपाशी कोण बसते?" सगळ्या मुलांनी एकाच मुलीकडे पाहिले. ती म्हणाली, "मीच बसते, सर. धाकटे दोघे असतात ना." तिला पोहता येते का, असे विचारले. तिने मान हलवली. पोहता येत नाही म्हणून ती काठावर, आणि नेहमी काठावर म्हणून तिला पोहता येत नाही! घराघरांत असेच आहे. कुठे आजी, कुठे थोरली मुलगी, कुठे बरोबर आणलेली मोलकरीण. ज्याच्या शब्दाला घरात वजन नाही त्याच्यावर सर्वांच्या जिवाची जोखीम टाकून आपण मोकळे होतो. त्या मुलीने "बाहेर या" म्हटले तर तिचे भाऊ ऐकणार आहेत थोडेच?

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. तिने सुचवलेले उपाय अगदी साधे आहेत: शाळेच्या वयातल्या मुलांना पोहायला आणि सुरक्षितपणे वाचवायला शिकवा, आणि लहानग्यांवर लक्ष ठेवणारे कुणीतरी नेमा. बांगलादेशात घरोघर पुकुर, म्हणजे तळी. सकाळी आया कामात असतात तेव्हाच मुले तळ्यात पडतात, हे तिथे ध्यानात आले. म्हणून खेड्यात एका घरी सकाळच्या काही तासांपुरती मुले एकत्र ठेवू लागले आणि त्यांच्यावर एक बाई नेमली. या घराला नाव दिले 'आंचल'. तेवढ्याने बुडण्याचे प्रमाण पुष्कळ घटले. तिथे यंत्र नाही, कुंपणही फारसे नाही. एका माणसाला सांगितले गेले की आता दुसरे काही करायचे नाही, फक्त बघायचे.

आणि शिकवण्याविषयी म्हणाल तर साने गुरुजींच्या श्यामची आई आठवावी. ते पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेले. इतकी माया असलेली ही माउली, पण पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला मार देऊन विहिरीवर पाठवते. त्या माराचे समर्थन आज मी करणार नाही. पण विहिरीवर श्याम एकटा जात नाही, शिकवणारे तिथे हजर असतात, हे विसरू नये. आमच्याकडेही पाठीला भोपळा नाहीतर डबा बांधून पोरांना पाण्यात सोडीत, आणि दोराचे दुसरे टोक कुणाच्या तरी मुठीत असे. मुठीतल्या दोराचे ओझे ज्याने घेतले त्याला त्या दिवशी पोहायला मिळत नसे. उद्या दुसरा दोर धरी.

गेल्या खेपेस आमच्याकडे हा विषय निघाला तेव्हा धाकटे मेहुणे म्हणाले, "भाऊजी, सुट्टीतसुद्धा ड्यूटी लावता?" मी म्हटले, अर्ध्या अर्ध्या तासाची पाळी लावू; त्यात हातात फोन नाही, पत्ते नाहीत, तोंड पाण्याकडे, पायाशी दोर. आणि पाळी मोठ्या माणसांचीच. बरीच घासाघीस झाली. शेवटी कोकम सरबताचा एक तांब्या जवळ ठेवायच्या अटीवर पहिली पाळी त्यांनी पत्करली, आणि त्या वेळात थोरल्या भाचीला पाण्यात उतरवायचे ठरले. ती हे ऐकत दाराशी उभी होती. तिने लगेच विचारले, "पण मला शिकवणार कोण?" त्यावर अजून घरात वाद चालू आहे.