पगार, शाबासकी आणि माणूस



आपल्या धर्मग्रामातील तरुण मंडळी कंपनीच्या प्रशिक्षण वर्गाला गेली की तेथे फळ्यावर एक त्रिकोण हमखास काढला जातो. तळाशी अन्न, पाणी, निवारा. त्यावर सुरक्षितता, मग प्रेम व आपलेपणा, मग मानसन्मान आणि टोकाला स्वतःतील क्षमता फुलवणे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लो यांनी १९४३ साली एका निबंधात मांडलेला हा विचार. गंमत म्हणजे त्या निबंधात त्रिकोण नाहीच! तो पुढे व्यवस्थापनावर लिहिणाऱ्यांनी काढला. त्यामुळे एक समज मात्र पक्का झाला, की खालची पायरी पूर्ण झाल्याशिवाय माणूस वरच्या पायरीकडे पाहतच नाही. मॅस्लो तसे म्हणत नाहीत. सर्वसाधारण माणसाची पोटाची गरज ८५ टक्के भागलेली असेल, सुरक्षिततेची ७०, प्रेमाची ५०, मानाची ४० आणि शेवटची जेमतेम १०, असे अंदाजाचे आकडे त्यांनी केवळ समजावण्यासाठी दिले. म्हणजे पाचही गरजा एकाच वेळी जाग्या असतात.

"गरिबाला आधी पोटाचे पाहू द्या, मानाचे नंतर" असे आपण सहज बोलून जातो. पण वाडीत कामाला येणाऱ्या बाईचा चहाचा कप वेगळा ठेवला, तर तिला ते कळत नाही का? भरल्या पोटानेच कळते असे थोडेच आहे!

दुसरे नाव फ्रेडरिक हर्झबर्ग यांचे. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंते व हिशेबनीस यांना विचारले, की नोकरीत फार बरे कधी वाटले आणि फार वाईट कधी? १९५९ साली हा अभ्यास पुस्तकरूपाने आला. वाईट वाटण्याची कारणे होती कंपनीची धोरणे, वरिष्ठांची वागणूक, कामाची परिस्थिती. बरे वाटण्याची कारणे वेगळीच होती: यश, कौतुक, जबाबदारी, प्रत्यक्ष काम. पगार त्यांनी पहिल्या यादीत ठेवला. कमी पगाराने असंतोष होतो. वाढवला की तो शमतो, पण तेवढ्याने कामाची गोडी लागत नाही. माणूस यशाचे श्रेय स्वतःकडे घेतो आणि दोष दुसऱ्याला देतो, म्हणून अशी उत्तरे येणारच, अशी टीका यावर झाली. तीत तथ्य आहे. काही मालकांनी मात्र सोयीचा अर्थ काढला, की पगार राहू द्या, भिंतीवर 'उत्तम कर्मचारी' म्हणून फोटो लावा. शाबासकी स्वस्त पडते ना!

माझा प्रश्न त्यापुढचा आहे. काम जास्त निघावे म्हणून दिलेला मान हा मान असतो का? जर्मन तत्त्वज्ञ कान्ट यांनी १७८५ साली लिहिले, की माणसाला कधीही नुसते साधन म्हणून वापरू नये. 'नुसते' हा शब्द महत्त्वाचा. मजुरी देऊन काम करून घेण्यात गैर काही नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी श्रमाविषयीच्या १९८१ च्या परिपत्रकात, काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही, असे सांगितले ते याच अंगाने.

कॅलिफोर्नियात अँड्रयू के नावाचे एक कारखानदार होते. व्होल्टमापक यंत्रे बनवत. मॅस्लो आणि इतरांचे वाचून त्यांनी एकामागोमाग एक सुटे भाग जोडण्याची साखळी मोडली आणि छोट्या गटांवर काम सोपवले. १९६२ च्या उन्हाळ्यात मॅस्लो स्वतः तेथे राहून आले. तेथल्या टिपणांत त्यांनी एक काळजीही नोंदवली आहे, की आपले कच्चे विचार उत्साही लोक सगळेच्या सगळे खरे मानून चालले आहेत. पुढे मागणी घटली, माणसे कमी झाली आणि प्रयोग गुंडाळला गेला. के यांची कळकळ खोटी होती असे मला वाटत नाही. पण मान द्यायचे कारण 'त्याने उत्पादन वाढते' एवढेच सांगितले असेल, तर उत्पादन घटल्यावर तो काढून घेणाऱ्याला अडवायचे कोणत्या शब्दांत?

– आपला धर्मगुरू