काळोखाची मोजणी

कोलशेतच्या खाडीवर संध्याकाळी भरती पाहायला जातो, तेव्हा समोरच्या काल्हेरचे दिवे पाण्यात लांबत उतरलेले असतात. मागे टॉवरांच्या खिडक्या उजळलेल्या. उजेडाला तोटा नाही. होडी बांधणाऱ्या एका काकांना परवा सहज विचारलं, रात्री परतताना या दिव्यांचा उपयोग होत असेल ना? दोर आवळत ते म्हणाले, "दिवं पुष्कळ, पन वलखाचा कंचा?"

घरी येईपर्यंत खांदेरी बेटावरच्या दीपगृहाची बत्ती डोळ्यांसमोर होती.

कोलशेतचं हे पाणी घोडबंदरावरून वसईकडे जातं. खांदेरी त्याच्या वाटेवर नाही, ती मुंबईच्या दक्षिणेला, अलिबागजवळच्या थळसमोर. पण या खाडीला ती परकी नाही. शिवाजी महाराजांनी आरमाराची सुरुवात आपल्या कल्याण-भिवंडीच्या खाडीत केली आणि १६७९ साली त्या आरमाराचा अधिकारी मायनाक भंडारी खांदेरीवर तटबंदी उभारत होता. मुंबईच्या इंग्रजांनी बेट वेढून पाहिलं, लढूनही पाहिलं. तट उभा राहिलाच. मुंबईत शिरणाऱ्या जहाजांवर नजर ठेवायला याहून नेमकी जागा नव्हती.

१८१८ला मराठी राज्य गेलं, बेट इंग्रजांकडे आलं आणि १८६७ साली त्याच्या उंचवट्यावर त्यांनी दीपगृह बांधलं. ज्या खडकाचा त्यांच्या जहाजांना धाक होता, तोच त्यांना वाट दाखवू लागला. खडकाला त्याचं काय! उंची तीच, वाटेवरचं ठिकाणही तेच. तोफेला जे सोयीचं, ते दिव्यालाही सोयीचं निघालं.

आता थोडं दिव्याबद्दल. दीपगृहाचा उजेड लांबून चमकताना दिसतो, म्हणून लहानपणी वाटायचं, वर बसलेला माणूस बटण दाबत असावा. तसं नसतं. जुन्या फिरत्या दीपगृहांत ज्योत रात्रभर अखंड जळायची. तिच्याभोवतीची भिंगं फिरायची. ती फिरवायला घड्याळासारखं यंत्र, त्याला साखळीने टांगलेलं वजन, आणि ते वजन खाली आलं की पुन्हा किल्ली द्यायला जागा राहिलेला राखणदार. भिंगाचा झोत जहाजावरून सरकला की खलाशाला काळोख. पुढचा झोत येईपर्यंत तो सेकंद मोजतो. प्रत्येक दीपगृहाचं हे अंतर ठरलेलं, नकाशावर छापलेलं आणि शेजारच्या दीपगृहाहून वेगळं. म्हणजे उजेड दिसला की तिथे काही तरी आहे एवढंच कळतं. ते *कोणतं*, हे मधल्या काळोखावरून कळतं.

काकांचा प्रश्न इथे येऊन भिडला. आमच्या टॉवरांचे दिवे एकसारखे जळतात. त्यांच्यात मोजायला जागाच नाही.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. माझ्या होडीवर काळोख असतो, तेव्हा बत्ती विझलेली नसते. त्या घटकेला तिचा झोत दुसऱ्या कुणाच्या तरी शिडावर असतो.

अलीकडे दीपगृहांना बरे दिवस आलेत. २०२४च्या फेब्रुवारीत देशातली ७५ दीपगृहं पर्यटनस्थळं म्हणून जाहीर झाली. गोव्यात आग्वादचं १८६४चं दीपगृह १९७६ साली निवृत्त झालं, तरी लोक ते बघायला किल्ल्यावर चढतात. खांदेरी तर जुलै २०२५मध्ये जागतिक वारसा यादीत गेली, मराठ्यांच्या बारा किल्ल्यांतली एक म्हणून. थळहून होडीने माणसं जातात, कोळ्यांच्या वेताळाला नमस्कार करतात, दगडावर दगड आपटून भांड्यासारखा नाद निघतो तो ऐकतात, तोफांशी फोटो काढतात. जावंच, मीही गेलो आहे. पण परतीची होडी दिवसाउजेडी सुटते. बत्ती काम करू लागण्याआधी बघे बेट सोडतात. जिन्याच्या पायऱ्या मोजून आलेल्या आम्हा मंडळींपैकी तिचा काळोख कुणीच मोजलेला नसतो. जो मोजतो तो दूर असतो, आणि त्याला बेटावर उतरायचं नसतं. खडकापासून लांब राहायला मिळावं, एवढ्यासाठीच तर तो तिच्याकडे बघतो.

काल पुन्हा खाडीवर गेलो. एका टॉवरच्या माथ्यावर विमानांसाठी लावलेला तांबडा दिवा लुकलुकत होता. मी मोजायला लागलो. काकांनी होडीतली मासळी पाटीत भरली, पाटी डोक्यावर घेतली आणि विचारलं, "काय मोजतंस?" तोवर माझा आकडा चुकला होता.