फगवा

मानोऱ्याच्या बाजारपेठेत होळीनंतरचे चार दिवस दुकानदाराला गल्ल्यावर निवांत बसू देत नाहीत. आसपासच्या तांड्यांवरून बंजारा स्त्रियांचे घोळके येतात, दुकानापुढे फेर धरतात, लेंगी म्हणतात आणि हातावर फगवा पडल्याखेरीज हलत नाहीत. फेटियांचे घेर फिरत असतात, ओढणीवरल्या आरशांतून ऊन उडत असते आणि डफाचा ठेका अखंड चाललेला असतो. भोवती जमलेल्या प्रत्येकाच्या हातात मोबाईल. ते सारे जसेच्या तसे टिपून ठेवण्याची सोय आता कुणालाही आहे.

अशा वेळी एका बंद दुकानाच्या पायरीवर माझ्या वर्गातला एक मुलगा वही मांडीवर घेऊन बसलेला मला दिसला. तो नाचणाऱ्यांची चित्रे काढत होता. भूगोलाच्या वहीत, हे ओघाने आलेच!

मी मागे उभा राहून पाहू लागलो. त्याची रीत मोठी मौजेची होती. फेर फिरताना एक बाई समोर येई, कमरेत वाके, हात वर उडवी आणि पुढे निघून जाई. तेवढ्यात त्याची एकच रेघ व्हायची, पाठीची. मग तो पेन्सिल उचलून थांबे. ठेका फिरून त्याच जागी आला, कुणीतरी तशीच वाकली, की त्या पाठीला तो हात जोडी. पुढच्या फेरीत पाय. म्हणजे कागदावरची बाई एका क्षणाची नव्हती आणि खरे पाहता एका बाईचीही नव्हती. तरी ती नाचत होती! शेजारच्या माणसाच्या मोबाईलमध्ये घेतलेले छायाचित्र मी पाहिले. त्यातल्या बाया ठेच लागल्यासारख्या उभ्या होत्या.

मग खरे कोणते? हा वाद जुना आहे. जेरिको या फ्रेंच चित्रकाराने १८२१ साली एप्समच्या शर्यतीचे घोडे रंगवले, चारी पाय पुढेमागे ताणून हवेत झेपावणारे. पुढे १८७८ साली अमेरिकेत मायब्रिजने धावत्या घोड्याची ओळीने छायाचित्रे घेतली, तेव्हा धावताना घोडा असा पवित्रा घेतच नाही असे दिसून आले. तरीही रोदँसारख्या शिल्पकाराने जेरिकोचाच कैवार घेतला. त्याचे म्हणणे असे की, कॅमेराच खोटा, कारण काळ काही कुणासाठी मध्येच गोठत नाही. मला हे पटते. पण पटते म्हणून सुटका होत नाही.

कारण मी मुलाला विचारले, "यात तुझी आई कुठं आहे रे?" त्याची आई त्या फेरात होती, हे मला ठाऊक होते. तो मान खाली घालून म्हणाला, "तिचं नाही येत, सर. माझ्याकडं पाहिलं की ती थांबते."

हे उत्तर मला लागले. कादंबरी लिहिणारा मीही त्या पायरीवरचाच. माझ्या पहिल्या कादंबरीत मी शेजारच्या एका काकूंना आणले होते. नाव बदलले, गाव बदलले, एकीच्या पाठीला दुसरीचे हात जोडले. आपण फार खरे लिहिले, असे मला वाटत होते आणि तसे ते होतेही. काकूंनी ते वाचले. त्या रागावल्या नाहीत. पण सकाळी सडा घालताना त्या गुणगुणत असत, ते बंद झाले. त्यानंतर मी अंगणात आलो की त्या आत जात.

आमचे वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेतल्या हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात अजिंठ्याचे सोळावे लेणे करवले. तिथल्या पहिल्या लेण्यात महाजनक जातकाच्या चित्रात एक नर्तकी आहे. भोवती बासऱ्या आणि टाळ वाजवणाऱ्या स्त्रिया. दीड हजार वर्षे तिचे अंग लयीत वळलेले आहे. राजाचे नाव राहिले, मंत्र्याचे राहिले. पण कुणाचे तरी वळणे पाहूनच चित्रकाराने ते वळण काढले असेल ना? तिच्या हातावर काय पडले?

कुणी म्हणेल, रस्त्यावर नाचणारीला पाहायला परवानगी कसली? खरे आहे, पाहणे सर्वांचे आहे. पण त्या बाया तरी फुकट कुठे पाहू देतात? पाहिलेस, आता दे, हा त्यांचा व्यवहार सरळ आहे. आम्ही लिहिणारे आणि काढणारे मात्र घेऊन घरी जातो.

फेर सरकत त्या पायरीपुढे आला. एका म्हातारीने वही ओढून घेतली, पाने उलटली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "मास्तर, आमाले काढून राह्यला हा, मंग फगवा कोन देईन?" सगळ्या हसल्या. मुलाची आईही हसली आणि तिने आपल्याच पोरापुढे हात पसरला. त्याच्या खिशात काही नव्हते. मी माझ्या खिशात हात घातला, तेवढ्यात त्याने वहीचे पान टर्रकन फाडले आणि तिच्या हातावर ठेवले.

तिने ते उभे-आडवे धरून पाहिले. "बलिया नाही काढल्या रे," एवढेच म्हणाली आणि घडी करून नोटांबरोबर कांचळीत खोचले. डफ पुन्हा सुरू झाला. मुलाने कोरे पान काढले. आई त्याच्याकडे न पाहता नाचत पुढच्या दुकानाकडे गेली.